करवंटीभर पाणी

इंझोरी,
ता. १९ फेब्रुवारी १९७८

चि. जगदेव यास,

तुझा बाप पुंजाजी याचा जयभीम आणि आशीर्वाद. आम्ही दोघे बरे आहोत. तुझ्या मायचा गुडघा तेवढा बरा नाही, पण तो तू इथे असतानाही नव्हता. तुझी प्रकृती कशी आहे ते सविस्तर लिही. मागच्या पत्रात तू सगळ्या वस्तीची प्रकृती लिहिलीस आणि स्वतःची विसरलास.

आधी पत्त्याचं सांगतो. तुझ्या वस्तीचं नाव मला वाचता येत नाही. तू इंग्रजीत लिहून दिलेला कागद समोर ठेवून एकेक अक्षर चित्र काढल्यासारखं उतरवतो. पोस्टमनने पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "पुंजाजी, हे पोचलं तं तुमचं नशीब." पोहोचलं असेल तर तसं कळव, म्हणजे त्याला दाखवतो.

रात्रीच्या शाळेत मी अक्षर शिकलो तेव्हा गुरुजींनी सांगितलं होतं की बोलावं तोंडाला येईल तसं, पण कागदावर नीट लिहावं. म्हणून नीट लिहितो. तुझी माय शेजारी बसली आहे. ती म्हणते, "असं कायले लिहिता? त्याले वाटंल तहसीलदारच लिहून राह्यला."

तू लिहिलंस की तिथे गोदावरी एकटी राहत नाही. तिचे फाटे होतात, फाट्यांना आणखी फाटे फुटतात, आणि मधल्या प्रत्येक वाळूच्या पट्टीवर एकेक लहान वस्ती. एकीकडे तुझे मासे धरणारे, पलीकडे काथ्या वळणारे, त्यांच्याही पलीकडे मीठ पिकवणारे, आणि या वस्तीतून त्या वस्तीत जायचं तर नाव लागते. हे मी तुझ्या मायला वाचून दाखवलं तेव्हा तिने विचारलं, "मंग पोरी नांदाले नावेतच बसून जात असतीन काय?" याचं उत्तर लिही, ती विसरणार नाही.

नदी दिवसातून दोनदा उलटी वाहते, असंही तू लिहिलंस. ते मी शेजारच्या शेषरावला सांगितलं. तो म्हणाला, "पोरगं तिकडं ताडी प्याले लागलं काय?" मग शाळेतल्या गुरुजींना विचारलं. समुद्राला भरती आली की तसं होतं, असं ते म्हणाले तेव्हा कुठे माझी मान वर झाली. त्यांनी नकाशाही दाखवला. आपली अडाण फिरत फिरत पैनगंगेला जाते आणि ते सगळं पाणी शेवटी तुझ्या गोदावरीत येतं. म्हणजे पावसाळ्यात आपल्या वस्तीवरून गेलेलं पाणी तुझ्या दारात येत असणार. आता मात्र इकडून काही यायचं नाही. इथे नदीत वाळू पडली आहे.

त्या म्हातारीचं वाचून वाईट वाटलं. दिवाळीनंतरच्या तुफानात तिचा लेक आणि नात वाहून गेली, आणि तरी ती परमुलखातून आलेल्या तुला रोज भात वाढते. तिकडे आजीला अव्वा म्हणतात हे कळलं. तिला आमचा जयभीम सांग. समजला नाही तरी सांग.

आता कामाचं. तुफानात तिथल्या सगळ्या विहिरींत समुद्र शिरला, वाळूच्या टेकडीवर उकरलेला एकच झिरा गोड राहिला आणि सगळी वस्ती त्याच्यावर पाणी पिते, इथवर मला समजलं. तो झिरा आता कमी पडतो आहे. तिथल्या बाया तो जेमतेम गुडघाभर खोल ठेवतात आणि करवंटीने वरवरचं पाणी उचलून घागर भरतात. एका घागरीला निम्मी सकाळ जाते. तुला वाटतं खोल करावा. अव्वा करू देत नाही. तू मला विचारतोस, काय करू?

जगदेव, हे तू मला विचारावंस याचं मला नवल वाटतं. तू माझ्या हाताखाली वाढलास. झरा खाली असतो, वर दिसतो तो नुसता त्याचा ओलावा. उन्हाळ्यात कोणत्याही विहिरीला पाणी कमी झालं तर आपण काय करतो? खाली जातो. इथे तर आपल्याला मुरूम फोडावा लागतो, पाषाणाला सुरुंग लावावा लागतो. तुला नुसती वाळू आहे. पुरुषभर खाली जा, सिमेंटच्या कड्या बसव, रहाट लाव, आणि त्या बायांच्या हातातल्या करवंट्या चुलीत घालायला सांग. म्हातारीला वाईट वाटेल, पण पाणी पाहिलं की तीच तुला आशीर्वाद देईल.

तुफानाचे मदतवाले मंगरूळला विहिरी खोदणारी माणसं न्यायला आले तेव्हा मला यायचंच नव्हतं. इथे कामं पडली होती. नाहीतर हे काम मी तुला उभं राहून दाखवलं असतं.

तुझ्याबरोबरच्या लखीरामला आशीर्वाद. तांड्यावर त्याच्या घरी सगळं ठीक आहे. त्याचे सोयरे त्या मुलखात आहेत आणि तिथली भाषा त्याला येते, हे फार चांगलं झालं.

तुझी माय त्या म्हातारीबद्दल काहीतरी लिहायला सांगते आहे, पण कागद सरत आला.

कळावे,
पुंजाजी


इंझोरी,
ता. १३ मार्च १९७८

चि. जगदेव यास जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र मिळालं. आम्ही खुशाल आहोत. शेषरावची म्हैस व्याली, रेडा झाला म्हणून तो नाराज आहे. आपल्या वस्तीच्या विहिरीचा तळ दिसायला लागला, त्यामुळे बाया नदीत झिरे करून पाणी आणतात. दरसालचंच आहे.

तुझं पत्र मी आधी पोस्टाच्या ओट्यावर वाचलं आणि मग घरी येऊन तुझ्या मायला अर्धंच वाचून दाखवलं. कड्या बसल्या, छातीएवढं पाणी आलं, वस्तीने तुझ्या गळ्यात फुलांची माळ घातली, मुलांनी दिवसभर रहाट फिरवला आणि त्या रात्री बऱ्याच महिन्यांनी बाया गाणी म्हणाल्या, इथवर वाचलं. तिला आनंद झाला. मलाही झाला होता, पुढचं वाचेपर्यंत.

पाणी मचूळ लागायला लागलं, असं तू लिहितोस. असं एकाएकी होत नाही. तू कड्यांचे सांधे नीट बसवले नसशील, बाजूने काहीतरी घाण शिरत असेल. तुला घाई फार. मी कितीदा सांगितलं आहे की कडी बसवली की सांध्यावरून हात फिरवून बघायचा.

पण घाबरू नकोस. मचूळ पाण्याला एकच उपाय आहे, तो म्हणजे उपसा. आपल्याकडे विहीर कुबट झाली की आपण सगळी उपसतो, तळ कोरडा करतो, आणि मग झऱ्याचं नवं पाणी येतं ते गोड असतं. चार धडधाकट गडी उभे कर आणि तळ दिसेपर्यंत पाणी काढून टाक. एकदा नाही झालं तर पुन्हा काढ. तळाशी अजून हातभर खाली जाता आलं तर जा.

पत्राच्या शेवटी तू एक गोष्ट विचारली आहेस. अव्वा म्हणते, ही विहीर वाळू टाकून बुजवा, जोवर खड्डा उघडा आहे तोवर खारं पाणी वर चढत राहील, आणि तू मला विचारतोस की बाबा, बुजवू का?

हा शब्द मला पुन्हा लिहू नकोस. तुला ठाऊक नसेल तर सांगतो. आपल्या वस्तीला पाणी नव्हतं. गावच्या विहिरीवर आपल्या बाया लांब उभ्या राहायच्या आणि कोणाला दया आली तर तो वरून ओतायचा. मी आणि माझ्या बरोबरीच्या पोरांनी आपली विहीर खोदायला घेतली तेव्हा मला खोदकामाचं काही येत नव्हतं. अर्धी झाली आणि एका सकाळी पाहतो तर ती कोणीतरी मुरूम टाकून बुजवलेली. तुझी माय नव्याने नांदायला आली होती. ती त्या ढिगावर बसून रडली. आम्ही तो सगळा मुरूम काढला आणि पुन्हा खाली गेलो. पाणी लागलं त्या दिवशी मी ठरवलं की हाच धंदा करायचा, आणि हेही ठरवलं की माझ्या हाताने विहीर कधी बुजवायची नाही. आजवर बुजवली नाही. कोरडी लागली तरी बुजवली नाही. तुलाही तेच शिकवलं आहे.

तेव्हा उपसा कर आणि काय झालं ते लगेच कळव. तू ही विहीर गोड करूनच परत येशील, मला खात्री आहे.

कळावे,
पुंजाजी


इंझोरी,
ता. ३० मार्च १९७८

चि. जगदेव यास आशीर्वाद.

तुझं पत्र नाही. पोस्टमनची वाट पाहून कंटाळलो. तो लांबूनच हात हलवतो.

उपसा केला का? केला असेल तर पाणी कसं आहे? मी सांगितलं तसंच केलं असशील तर काही बिघडण्याचं कारण नाही. काही बिघडलं असेल तर कोणत्या ठिकाणी चुकलं ते लिही, म्हणजे मला सांगता येईल.

शेलूबाजारच्या बाजारात आसेगावचे जानराव भेटले. त्यांची विहीर आपण दोघांनी केली होती. चार लोकांत त्यांनी विचारलं, "पुंजाजी, पोराची समुद्रावरची विहीर कशी हाये?" मी म्हणालो, गोड आहे. सगळ्यांना आनंद वाटला. जानरावांनी चहा पाजला. तो चहा काही मला नीट गेला नाही.

तुझी माय विचारते, तू जेवतोस का. मी सांगितलं, जेवत असेल.

दोन ओळी तरी लिही.

पुंजाजी


इंझोरी,
ता. ९ एप्रिल १९७८

माझ्या जगदेवा,

लखीराम आला. परवा संध्याकाळी तांड्यावर पोहोचला आणि काल सकाळी घरी येऊन गेला. तो ओट्यावर बसला आणि बराच वेळ पागोट्याशी चाळा करत राहिला. तेव्हाच मला कळलं की तुझं पत्र का येत नाही.

मी त्याला म्हणालो, आडपडदा न ठेवता सांग. तो म्हणाला, "काका, तुमचं पत्र आलं आन् त्यानं उपसा केला. दोन दिवस सारी वस्ती पानी काढत होती. मंग खालून जे पानी आलं थे तोंडात घेनं होत नाई. निखळ समुद्र. टेकडीवरचं होतं नोतं थे गोड पानीही त्याच्यातच गेलं."

मग त्याने बाकीचं सांगितलं. वस्तीला आता पाणी भरायला भरतीच्या वेळी नावा घेऊन नदीतून वर जावं लागतं, जिथे खारं पाणी पोहोचत नाही तिथपर्यंत, आणि ओहोटीबरोबर परत यावं लागतं. सगळ्या वस्तीत धड नावा मोजक्याच, बाकीच्या तुफानात गेल्या. ज्या नावेने मासे धरायचे तिच्यात घागरी असतात. आणि तू रोज त्या नावेवर वल्हं मारायला जातोस. तुला धड वल्हवता येत नाही, हाताची सालटं गेली आहेत, तरी जातोस. कोणी तुला रागाने बोललं नाही. अव्वा त्या नावेने आणलेल्या पाण्यातलं पहिलं करवंटीभर पाणी तुलाच देते. लखीराम म्हणाला, "थो थे पानी घेते आन् खाली पाह्यते. तिनं दोन शिव्या देल्या असत्या तं पोरगं जेवलं असतं."

त्याने असंही सांगितलं की मदतवाले आता दुसऱ्या गावी गेले, तुला चल म्हणाले, तू गेला नाहीस. वस्तीतले लोक विहीर बुजवायला वाळूची टोपली घेऊन आले तेव्हा तू मध्ये उभा राहिलास. म्हणालास, "माह्या बापाचं पत्र येऊ द्या." त्यांना भाषा कळली नाही, पण ते थांबले. अजून थांबले आहेत. परक्या पोराच्या बापाच्या एका शब्दासाठी ती माणसं उन्हाळ्यात पाण्यावाचून थांबली आहेत, आणि तो बाप इथे बाजारात पाणी गोड आहे म्हणून चहा पितो.

मी अर्धंच पत्र वाचून दाखवल्याचं तुझ्या मायला हे ऐकून कळलं. ती घागर घेऊन नदीकडे निघाली. तिचा गुडघा सुजला होता म्हणून मी मागून गेलो आणि दुसरी घागर घेतली. तुला हसू येईल, पण जगदेव, मी झिऱ्यावर पाणी भरायला कालच पहिल्यांदा गेलो.

तिथे बाया पाळीने बसल्या होत्या. झिऱ्यात पाणी बोटभर. तुझी माय कडेला बसली आणि पितळेच्या वाटीने वरचं पाणी उचलायला लागली. एक वाटी घ्यायची, थांबायचं, पाझरू द्यायचं, पुन्हा एक. मला ते बघवेना. मी म्हणालो, सरक बाजूला, आत्ता मोकळं करून देतो. फावडं घेतलं आणि खाली घातलं. वीतभर गेलो असेन, वाळू सरली आणि खालचा काळा गाळ वर आला. सगळा झिरा राडा झाला.

मनकर्णाबाई, शेषरावची बायको, मागेच बसली होती. ती म्हणाली, "बुढा झाला पन हात काई थांबत नाई." बाया हसल्या. मग सगळ्यांना पाणी निवळेपर्यंत उन्हात बसावं लागलं, आणि मीही बसलो.

तेव्हा तुझी माय बोलली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "तुमी विहीर खोदता, पानी लागलं का निंगून जाता. मंग तिच्यासंगं वर्सानुवर्स आमीच राह्यतो. कोन्या विहिरीचं वरचं घ्याचं, कोन्या झिऱ्याले किती येळ द्याचा, हे आमाले ठाव असते. त्या बुढीलेही ठावच असंन. मी तवाच म्हटलं होतं, तिले इचारून कर म्हनून लिहा. तुमचा कागद सरला होता."

कागद सरला नव्हता, जगदेव. मागची बाजू कोरी होती.

मी तिला विचारलं, मग त्याच वेळी मला ओरडून का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "मले कोनं इचारलं? तुमी बापलेक शहाने." हे बोलताना ती वाटीने पाणी उचलतच होती. तिची घागर भरली, मग तिने माझी भरली, आणि मी दोन्ही घागरी घरी आणल्या. माझ्या हातून इतक्या विहिरी झाल्या, पण भरलेली घागर डोक्यावर किती जड लागते ते मला माहीत नव्हतं.

रात्रभर एकच गोष्ट डोक्यात होती आणि ती तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मदतवाले आले तेव्हा मला यायचं नव्हतं असं मी लिहिलं, ते खोटं होतं. मी मंगरूळला सगळ्यांच्या आधी जाऊन रांगेत उभा होतो. त्यांनी माझे डोळे पाहिले, गुडघे पाहिले आणि म्हणाले, "बाबा, तुमी राहू द्या, पोराले धाडा." तू निघालास त्या दिवशी मी मोटारीपर्यंत आलो नाही, कारण मला तुझा हेवा वाटला होता. पोटच्या पोराचा. मग तुझं पत्र आलं, काय करू म्हणून, आणि मला फार बरं वाटलं. ती विहीर तू खोदत नव्हतास. मी खोदत होतो, इथे बसून. ती वाळू मी पाहिली नाही, तो समुद्र मी पाहिला नाही, आणि जिने जन्मभर तिथे पाणी भरलं तिचं मी तुला ऐकू दिलं नाही. तुझे सांधे चांगले बसले होते. तुझ्या कामात काही चूक नव्हती.

आता तू जो शब्द मागितलास त्याबद्दल. मी जेव्हा म्हणालो की विहीर बुजवायची नाही, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो मुरमाचा ढीग होता. ज्यांनी आमची विहीर बुजवली त्यांना आमच्या तोंडी पाणी जाऊ द्यायचं नव्हतं. तुझ्या वाळूत गोड पाणी खाऱ्याच्या वर नुसतं तरंगतं; तुझ्या वस्तीची विहीर बुजवली तरच ते पुन्हा साचून त्यांच्या तोंडी जाणार आहे. हे दोन्ही एक नाही, हे मला तुझ्या मायने झिऱ्यावर समजावून सांगितलं, आणि मला ते पटायला वेळ लागला.

पण तू बुजवू नकोस. टोपल्याला हात लावू नकोस. मी येतो. चौदा तारखेची जयंती झाली की दुसऱ्याच दिवशी निघतो. लखीराम सोबत आहे. मंगरूळहून मोटारीने वाशीमला, तिथून रेल्वेने काचीगुडा, आणि पुढे तो नेईल तसं. वाळूचं पहिलं टोपलं माझ्या हाताने टाकीन. वस्तीपुढे तू काही बोलायचं नाहीस. मी बोलेन, आणि लखीराम ते त्यांच्या भाषेत सांगेल की खोदायला मी सांगितलं होतं, उपसा करायला मी सांगितलं होतं, पोराने फक्त बापाचं ऐकलं. मग ते मला काय म्हणायचं ते म्हणोत.

खड्डा भरला की पावसापर्यंत आपण सगळेच नावेवर पाणी आणू. मला वल्हवता येणार नाही, पण घागरी उचलता येतील. पाऊस पडून टेकडी पुन्हा भरली की अव्वा दाखवेल तिथे आणि सांगेल तेवढाच उथळ झिरा करू. तिने हात वर केला की थांबायचं.

खोदायची सब्बल घरीच ठेवतो आहे. शेषरावने विचारलं, सब्बल नाही तर कशाला चालला? मी त्याला खरं ते सांगितलं. जानरावांनाही निरोप पाठवला आहे.

तुझी माय येते आहे. खरं म्हणजे तीच निघाली होती, मी तिच्यासोबत येतो आहे. तिने तिची झिऱ्याची वाटी पदरात बांधून ठेवली आहे आणि ज्वारीचं पीठ घेतलं आहे, कारण भात खाऊन तुझं पोट भरत नसेल असं तिला वाटतं. गुडघ्याचं विचारलं तर म्हणते, तो इथे बसूनही दुखतोच.

तिला काही सांगायचं आहे. या खेपेला मागची बाजू तिच्यासाठी ठेवली आहे. ती बोलते तसंच लिहितो.

"जगदेव, तू जेवत जाजो. हाताले खोबऱ्याचं तेल लावजो, तिकडं थे लय भेटते म्हनतेत. त्या बुढीले सांगजो का जगदेवची माय येऊन राह्यली. तिचा लेक गेला, तिची नात गेली, आन् तरी तिनं माह्या लेकाले पानी पाजलं, हे मी इसरनार नाई. मले तिची भाषा येत नाई, तिले माही येत नाई, पन तिच्या बाजूले बसून करवंटीनं पानी कसं घेते थे मले पाह्याचं हाये. तुह्या बापावर राग धरू नको. थो आता वाटंनं साऱ्यायले इचारत इचारतच येईन."

तुझी माय भागिरथा हिने सांगितलं तसं लिहिलं. मधलं काही गाळलं नाही.

तुझा बाप,
पुंजाजी